पिंजऱ्यातल्या रेणूवर अल्ट्राफास्ट इन्फ्रारेड: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

एमएस्सी करून नुकतेच पीएचडीला लागलेले, किंवा इतकी वर्षं नुसते फ्लास्क धुतलेले आणि आता गाइडने "जरा लेझरवाल्यांशी बोलून घे" म्हणून शेजारच्या लॅबमध्ये पाठवलेले, अशा लोकांसाठी हे लिहितोय. विषय असा: पिंजऱ्यासारख्या रेणूत कोंडलेल्या दुसऱ्या रेणूची (त्याला पाहुणा म्हणू) कंपनं अतिवेगवान इन्फ्रारेड लेझर पल्सने बघणं. थिअरी पुस्तकात मिळेल, इक्वेशनं मी देत नाहीये. सॅम्पल बनवण्यापासून पहिल्या भरवशाच्या डेटापर्यंत कसं जायचं आणि मधे पाय कुठे घसरतो एवढंच सांगतो. उदाहरण एकच धरू म्हणजे गोंधळ नको: जपानच्या माकोतो फुजिता यांचा पॅलॅडियमचा पिंजरा, आणि त्याच्या आत मँगनीजचं एक कार्बोनिल (धातूला सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, जोडलेला रेणू).

पिंजरा म्हणजे काय, थोडक्यात

रेणूच्या पोटात दुसरा रेणू कोंडायची कल्पना जुनी आहे. डोनाल्ड क्रॅम यांना १९८७ चं नोबेल याच प्रकारच्या कामासाठी मिळालं (लेन आणि पेडरसन यांच्याबरोबर), आणि १९९१ मध्ये त्यांनी सायक्लोब्युटाडाइन, जे एरवी क्षणभर टिकत नाही, ते अशाच एका बंद रेणूत बनवून साध्या तापमानाला टिकवून दाखवलं. फुजितांचा पिंजरा १९९५ चा. त्याचे सहा कोपरे पॅलॅडियमचे आणि चार भिंती टीपीटी नावाच्या त्रिकोणी लिगँडच्या (धातूला जोडल्या जाणाऱ्या रेणूच्या), म्हणजे अष्टफलकाच्या आठ बाजूंपैकी एकाआड एक चार झाकलेल्या आणि उरलेल्या चार खिडक्या. एकूण चार्ज अधिक बारा, त्यामुळे पाण्यात मस्त विरघळतो, पण आतली पोकळी सगळी ॲरोमॅटिक, त्यामुळे पाण्यात न विरघळणारे तेलकट रेणू स्वतःहून आत जाऊन बसतात. बर्कलीच्या केनेथ रेमंड यांचा गॅलियमचा पिंजरा याच्या उलट, त्याचा चार्ज उणे बारा आणि त्याला धन चार्जचे पाहुणे आवडतात. कुठला पाहुणा कुठल्या पिंजऱ्यात हे आधी इथेच ठरतं.

एमओएफवाल्यांना (धातू आणि सेंद्रिय रेणूंची सच्छिद्र जाळी बनवणाऱ्यांना) २०२५ चं नोबेल मिळाल्यापासून सगळ्यांना तेच करायचं असतं. हरकत नाही, पण पावडर इन्फ्रारेड प्रकाश इतका विखुरते की नवख्या माणसाचे सहा महिने त्या स्कॅटरशी भांडण्यात जातील. सुरुवात विरघळणाऱ्या पिंजऱ्यानेच करा.

आधी प्रश्न ठरवा, लेझर नंतर

या विषयात सगळ्यात जास्त मेहनत वाया कशाने जाते, तर "पिंजऱ्यात घातलं, टाइम कॉन्स्टंट बदलला, म्हणजे कन्फाइनमेंट इफेक्ट" असं लिहून मोकळं होण्याने. मग रेफरी विचारतो की अहो, नुसता सॉल्व्हंट बदलला असता तरी हा आकडा बदललाच असता ना? आणि त्याचं बरोबर असतं. टंगस्टन हेक्झाकार्बोनिलचं सीओ कंपन क्लोरोफॉर्ममध्ये साधारण ३७० पिकोसेकंद (सेकंदाचा लाख-कोटीवा भाग) टिकतं आणि कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये ७०० च्या आसपास. सॉल्व्हंट दोन्ही एकाच घरातले, फरक एका हायड्रोजनचा, तरी आयुष्य जवळपास दुप्पट, कारण कंपनातली ऊर्जा बाहेर पडायला रेणूची स्वतःची बाकीची कंपनं आणि सॉल्व्हंटच्या हालचाली यांची फ्रिक्वेन्सी जुळून यावी लागते आणि ते जुळणं फार बारीक गोष्टींवर अवलंबून असतं. म्हणून नुसत्या लाइफटाइमवरून पिंजऱ्याबद्दल काही सिद्ध होत नाही.

मग काय विचारायचं? माझ्या मते चारच प्रश्न विचारण्यासारखे आहेत. पाहुणा आत फिरतो का की भिंतीला चिकटून बसलाय, हे ॲनायसोट्रॉपी (लेझरच्या पोलरायझेशनच्या दिशेची आठवण सिग्नलमध्ये किती उरलीये त्याचं माप) सांगते. त्याच्या आजूबाजूचं वातावरण किती भराभर बदलतंय, हे टूडी आयआर (दोन फ्रिक्वेन्सी अक्षांवर काढलेला इन्फ्रारेड स्पेक्ट्रम) सांगतं. कंपनाची ऊर्जा पिंजऱ्याला जाते की पाण्याला, इथे लाइफटाइम उपयोगी पडतो पण तुलनेला भरपूर कंट्रोल हवेत. आणि चौथा, माझ्या आवडीचा: आतल्या आत एक बंध तोडला तर तुटलेला तुकडा कुठे जातो.

जे विचारता येत नाही ते पण आधीच कळलेलं बरं. पाहुणा आत-बाहेर करतोय का हे या पद्धतीने सहसा दिसत नाही. २००५ मध्ये फेयर यांच्या स्टॅनफर्डच्या गटाने फिनॉल आणि बेंझिन एकमेकांना पकडतात-सोडतात हे टूडी आयआरमध्ये क्रॉस पीक (कर्णाच्या बाहेरचे पीक) वाढताना बघून मोजलं, पण तिथे मामला काही पिकोसेकंदांचा होता. घट्ट बसलेला पाहुणा बाहेर यायला मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त घेतो आणि तोवर तुमचं कंपन कधीच विझलेलं असतं. तो प्रश्न एनएमआरचा (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे सिग्नल बघणाऱ्या पद्धतीचा), त्याच्याकडेच राहू द्या.

पायरी १: सॅम्पल

लेझरवाले लोक याला एक ओळ देतात, मी सगळ्यात जास्त जागा देणार आहे.

पिंजरा बनवायला अवघड नाही. इथिलीनडायअमाइन लावलेलं पॅलॅडियम नायट्रेट आणि टीपीटी हे ३:२ मोल प्रमाणात पाण्यात घेऊन गरम करत ढवळायचं. टीपीटी स्वतः पाण्यात विरघळत नाही, पांढरी पावडर तळाशी फिरत राहते, आणि जसजसा पिंजरा तयार होतो तशी ती नाहीशी होत द्रावण स्वच्छ होतं, हेच तुमचं पहिलं इंडिकेटर. उरलेलं गाळून टाका. क्लोराइडसारखे पॅलॅडियमला चिकटणारे आयन द्रावणात येऊ देऊ नका.

साधं पाणी नको, जड पाणी (हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेलं) घ्या. साध्या पाण्याचं वाकण्याचं कंपन १६४५ वेव्हनंबरला (एका सेंटिमीटरमधल्या लहरींची संख्या, फ्रिक्वेन्सीचं माप) असतं आणि शिवाय २१३० च्या आसपास एक पसरट कॉम्बिनेशन बँड असतो, जो नेमका कार्बोनिलच्या शेजारी येऊन बसतो. जड पाण्यात वाकणं १२१० ला सरकतं, कॉम्बिनेशन १५५५ ला, आणि ऑक्सिजन-ड्युटेरियम बंधाचा स्ट्रेच २५०० जवळ, म्हणजे १९०० ते २१०० हा पट्टा बऱ्यापैकी मोकळा होतो. बाटली उघडी ठेवली की हवेतली आर्द्रता आत जाते आणि एचओडी (अर्धं साधं, अर्धं जड पाणी) वाढतं. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हे फार पटकन होतं, त्यामुळे छोट्या सीलबंद बाटल्या घ्या आणि एकदा उघडली की ती संपवा. बाकी जड पाण्याची आपल्याकडे चणचण नाही, हेवी वॉटर बोर्ड बनवतंच.

पाहुणा निवडताना एकच नियम, त्याची कंपनाची रेषा अशा जागी हवी जिथे पिंजरा आणि सॉल्व्हंट दोघंही गप्प आहेत. कीटोन किंवा अमाइडचं कार्बोनिल घेतलंत तर ते १६०० ते १७०० मध्ये येतं आणि टीपीटीच्या रिंगची कंपनं १५०० ते १६०० मध्ये गर्दी करून बसलेली असतात. धातूचं कार्बोनिल, अझाइड, थायोसायनेट, नायट्राइल हे २००० च्या आसपास किंवा वर येतात, म्हणून सगळे तेच वापरतात. नायट्राइलचा सिग्नल मात्र फार कमकुवत असतो, पहिल्यांदा नको.

आपला पाहुणा: मिथाइलसायक्लोपेंटाडायनाइल मँगनीज ट्रायकार्बोनिल. हेच ते पेट्रोलचा ऑक्टेन वाढवायला वापरलं गेलेलं एमएमटी, त्यामुळे मिळायला अडचण नाही, पण विषारी आहे, कातडीतूनही जातं, ग्लोव्ह्ज आणि फ्यूम हूड यात तडजोड नाही. उजेडात खराब होतं, तेव्हा बाटलीला फॉइल गुंडाळा. हाच पाहुणा का, तर २००६ मध्ये कावानो आणि फुजिता यांनी हा पिंजऱ्यात कोंडून, क्रिस्टल थंड करून त्यावर प्रकाश टाकला आणि एक सीओ गमावलेला अर्धवट रेणू थेट एक्स-रेने पाहिला. म्हणजे शेवटचं चित्र आपल्याला माहीत आहे, तिथपर्यंतचा प्रवास बघायचा आहे.

पिंजऱ्याच्या द्रावणात पाहुणा जास्तीचा घालून ढवळा, मग न शिरलेला भाग काढून टाका. तो पाण्यात फारसा विरघळत नाही आणि हे आपल्या पथ्यावरच पडतं, कारण बाहेर मोकळा फिरणारा पाहुणा जवळपास उरतच नाही.

आता प्रोटॉन एनएमआर. आत बसलेल्या पाहुण्याचे पीक ॲरोमॅटिक भिंतींमुळे अपफील्डला सरकतात, एक ते तीन पीपीएम सहज. डीओएसवायमध्ये (एनएमआरने डिफ्यूजनचा वेग मोजण्याच्या पद्धतीत) पाहुणा आणि पिंजरा एकाच डिफ्यूजनने चालताना दिसले पाहिजेत. आणि इंटिग्रेशन करून आत पाहुणे किती आहेत ते मोजा, हे विसरू नका! याच पिंजऱ्यात ॲडमँटेनसारखे गोल रेणू चार-चार बसतात. आत दोन कार्बोनिल शेजारी-शेजारी असले तर एकाची कंपन-ऊर्जा दुसऱ्यावर उडी मारते, आणि त्या उडीने ॲनायसोट्रॉपी पडते, रेणू जागचा हललेला नसला तरी. म्हणजे इंटिग्रेशन न करता लेझरवर गेलात तर "पाहुणा आत जोरात फिरतोय" असा साफ खोटा निष्कर्ष निघेल आणि डेटा मात्र दिसायला अगदी सुंदर असेल.

किती लागेल त्याचा हिशोब आत्ताच करून बघा. एक्स्टिंक्शन (रेणूची प्रकाश शोषण्याची ताकद) ५००० धरलं, सेलची जाडी ५० मायक्रॉन, आणि पीकला ०.१ ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे शोषण) हवा असेल तर कॉन्सन्ट्रेशन येतं ४ मिलिमोलर. पिंजऱ्याचं मोलर मास नायट्रेटसकट जवळपास ३००० आहे, तेव्हा २०० मायक्रोलिटरला साधारण अडीच मिलिग्रॅम पिंजरा, एका पिंजऱ्यात एक पाहुणा धरून. फार नाही, पण पॅलॅडियम फुकट येत नाही आणि सेल भरताना अर्धं सिरिंजमध्येच राहतं, त्यामुळे दुप्पट बनवा.

पायरी २: एफटीआयआर

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. साध्या एफटीआयआरमध्ये (नेहमीच्या इन्फ्रारेड स्पेक्ट्रममध्ये) पीक दिसत नसेल तर फेम्टोसेकंद (पिकोसेकंदाचा हजारावा भाग) लेझर ते कुठून आणणार आहे? लेझरवर जो सेल वापरणार तोच वापरा, कॅल्शियम फ्लोराइडच्या खिडक्या आणि ५० मायक्रॉनचा टेफ्लॉन स्पेसर. केबीआर किंवा मिठाच्या खिडक्या पाण्याला लावायच्या नसतात हे सांगायला नको, पण दरवर्षी कुणीतरी लावतंच.

चार स्पेक्ट्रम हवेत: नुसतं जड पाणी, नुसता पिंजरा, पिंजऱ्यातला पाहुणा, आणि मोकळा पाहुणा तीन-चार वेगवेगळ्या सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे हेक्झेन, टोल्यूइन, ॲसिटोनायट्राइल वगैरे. शेवटचा सेट आळस करून टाळू नका, कारण पिंजऱ्यातली रेषा या यादीत कुठे बसते यावरून आतलं वातावरण तेलकट आहे की ध्रुवीय याचा पहिला अंदाज फुकटात मिळतो. या घराण्यातल्या रेणूंना हायड्रोकार्बनमध्ये दोन बँड दिसतात, एक २०२५ च्या जवळ, अरुंद, आणि एक १९४० च्या जवळ, जास्त ताकदीचा आणि रुंद. पहिल्यात तिन्ही सीओ एकत्र आत-बाहेर होतात, त्याचा डायपोल रेणूच्या अक्षावर असतो. दुसरा म्हणजे एकाच ऊर्जेची दोन कंपनं. याचा उपयोग पुढे आहे.

पायरी ३: लेझर टेबल

नव्या माणसाने पहिल्या आठवड्यात कशालाही हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. घड्याळ, अंगठी, बांगड्या, लांब मंगळसूत्र, चमकणारं काहीही बाहेर काढून ठेवायचं. बीमच्या उंचीला डोळे कधीच आणायचे नाहीत, खाली काही पडलं तर डोळे मिटून किंवा टेबलाकडे पाठ करून वाकायचं. पाच मायक्रॉनचा प्रकाश दिसत नाही, ८०० नॅनोमीटरचा जेमतेम लालसर दिसतो आणि तो जेमतेम दिसणाराच जास्त घातक, कारण तो थेट रेटिनापर्यंत जातो. गॉगल घाम येतो म्हणून कपाळावर सरकवणारे सिनियर असतात, त्यांचं अनुकरण करू नका.

साधारण सेटअप असा असतो: टायटेनियम-सफायर ॲम्प्लिफायर, ८०० नॅनोमीटर, १ किलोहर्ट्झ, १०० फेम्टोसेकंदांच्या आसपासचे पल्स. ही ताकद देणारं चर्प्ड पल्स ॲम्प्लिफिकेशन डॉना स्ट्रिकलँड आणि जेरार्ड मुरू यांनी १९८५ मध्ये काढलं, नोबेल २०१८ ला मिळालं. हल्ली यटर्बियमचे १०० किलोहर्ट्झवाले लेझरही आलेत. ८०० पासून ओपीए (एका रंगाच्या प्रकाशाचे दोन रंग करणारं साधन) दोन नियर-इन्फ्रारेड रंग बनवतो, त्या दोघांचा फरक सिल्व्हर गॅलियम सल्फाइडच्या क्रिस्टलमध्ये काढला की मिड-इन्फ्रारेड मिळतो, काही मायक्रोज्यूल. १०० फेम्टोसेकंदांचा पल्स १५० वेव्हनंबर रुंद असतो, त्यामुळे आपले दोन्ही बँड एकाच पल्सखाली येतात. शोधायला एमसीटी (मर्क्युरी-कॅडमियम-टेल्यूराइड) डिटेक्टर, द्रव नायट्रोजनने थंड केलेला, आणि तो संपत आला की बेसलाइन हळूहळू वाहायला लागते, त्यामुळे रात्रभर रन लावून जाताना आधी डिटेक्टर भरा.

टाइम डिले (रेणू चेतवणारा पंप पल्स आणि मागून बघणारा प्रोब पल्स यांच्यातला वेळ) म्हणजे नुसता सरकणारा आरसा. प्रकाश जाऊन परत येतो म्हणून १ पिकोसेकंदाला ०.१५ मिलिमीटर, आणि १ नॅनोसेकंदाला १५ सेंटिमीटर. स्टेज १५ सेंटिमीटर सरकताना बीम सॅम्पलवरून जराही हलता कामा नये, नाहीतर तुम्ही ज्याला "लांब डिके" म्हणाल तो खरा तर ओव्हरलॅप सुटत गेल्याचा आलेख असेल. तपासायचं कसं, तर सॅम्पलच्या जागी १०० मायक्रॉनचं पिनहोल ठेवून स्टेज या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन पॉवर बघा.

सगळा मार्ग कोरड्या हवेने किंवा नायट्रोजनने पर्ज झाला पाहिजे. कार्बन डायऑक्साइड २३४९ ला आणि पाण्याची वाफ १९०० च्या खाली सगळीकडे बोचऱ्या रेषा देते. याच रेषांचा एक फायदा, पर्ज चालू करायच्या आधी एक स्पेक्ट्रम घेतलात तर फ्रिक्वेन्सी अक्ष कॅलिब्रेट करून मिळतो.

पायरी ४: सोप्या सॅम्पलवर हात बसवा

पिंजरा लगेच लावू नका. टंगस्टन हेक्झाकार्बोनिल हेक्झेनमध्ये घ्या, १९८३ च्या जवळ एकच दांडगा पीक, सिग्नल इतका मोठा की ओव्हरलॅप डोळे झाकून सापडेल. पंप-प्रोबमध्ये त्याच फ्रिक्वेन्सीला ब्लीच (शोषण कमी झाल्याचा सिग्नल) दिसेल आणि त्याच्या लाल बाजूला साधारण १५ वेव्हनंबरवर उलट चिन्हाचा पीक, तो दुसऱ्या पायरीवरच्या उडीचा. दोन्ही एकाच वेगाने मेले पाहिजेत. पंपची पॉवर निम्मी केली की सिग्नल निम्मा झाला पाहिजे. हे दोन्ही होईपर्यंत पुढे जायचं नाही. फक्त ॲनायसोट्रॉपीची प्रॅक्टिस यावर करू नका, त्याचं कंपन तीन दिशांत सारख्याच ऊर्जेचं आहे आणि ती दिशा रेणू न फिरताही विसरली जाते.

पायरी ५: खरं मोजमाप

पहिलं मॅजिक अँगल, पंप आणि प्रोबच्या पोलरायझेशनमध्ये ५४.७ अंश, म्हणजे फिरण्याचा परिणाम निघून जातो आणि शुद्ध लाइफटाइम उरतो. सिग्नल ०.१ ते ०.५ मिलीओडी असेल, त्यामुळे ॲव्हरेजिंग भरपूर लागेल. पहिले २०० ते ३०० फेम्टोसेकंद फिटमधून वगळा, तिथे पंप आणि प्रोब एकमेकांत मिसळलेले असतात. आणि तोच रन, तीच पॉवर, नुसत्या जड पाण्यावर आणि रिकाम्या पिंजऱ्यावर. जड पाणी पंपचा थोडा भाग पितं, तापतं, आणि तापल्याचा सपाट सिग्नल शेपटीला कायमचा बसतो. तो वजा न करता दोन एक्स्पोनेन्शियल फिट केलेत तर दुसरा "स्लो कॉम्पोनंट" म्हणून तुम्ही चक्क पाण्याचं तापमान छापाल.

मग ॲनायसोट्रॉपी, समांतर आणि लंब पोलरायझेशन. इथे कागदावर आधी एक आकडा काढून ठेवा. पिंजऱ्याची त्रिज्या १.२ नॅनोमीटर धरली तर आकारमान ७.२ घन नॅनोमीटर, २५ अंशाला जड पाण्याची व्हिस्कॉसिटी १.१ मिलिपास्कल-सेकंद, यावरून आख्खा पिंजरा वळायला लागणारा वेळ निघतो जवळपास १.९ नॅनोसेकंद. पाहुणा पक्का चिकटलेला असेल तर ॲनायसोट्रॉपी ०.४ ला सुरू होऊन १०० पिकोसेकंदांनंतरही ०.३८ असेल, आलेख जवळपास सपाट. मोकळा फिरत असेल तर काही पिकोसेकंदांतच शून्याकडे जाईल. बहुतेक वेळा मधलंच काहीतरी मिळतं, आधी थोडी झपकन पडते आणि मग एका पातळीवर थांबते. जत्रेतल्या आकाशपाळण्यात बसलेल्या माणसासारखं, स्वतःची खुर्ची थोडी पुढे-मागे झुलते आणि चाक आपलं सावकाश फिरतंय. थांबण्याची पातळी किती यावरून तो किती कोनात झुलतोय ते काढता येतं.

आता ते दोन बँड. २०२५ वाल्याचा डायपोल रेणूच्या अक्षावर आहे, तेव्हा रेणू आपल्या अक्षाभोवती भोवऱ्यागत कितीही फिरला तरी या बँडला पत्ता लागत नाही, अक्ष स्वतः कलला तरच कळतं. १९४० वाल्याला ते फिरणं कळतं, पण एकाच ऊर्जेची दोन कंपनं असल्यामुळे त्याची ॲनायसोट्रॉपी फिरण्याआधीच ०.१ कडे घसरते. म्हणून अक्षाचं डोलणं पहिल्या बँडवरून काढा आणि दुसऱ्याचा अर्थ जपून लावा. अनेक पेपरमध्ये "गेस्ट रोटेट्स" एवढंच लिहिलेलं असतं, कुठल्या अक्षाभोवती ते विचारलं की उत्तर नसतं.

टूडी आयआर त्याच्यानंतर. पहिला प्रयोग १९९८ मध्ये पीटर हाम, लिम आणि होखस्ट्रासर यांनी केला, आता पल्स शेपरमुळे बरंच सोपं झालंय. वेटिंग टाइम (पंप आणि प्रोबमधला वेळ) कमी असताना पीक कर्णावर लांबट दिसतो, आजूबाजूचं हललं की गोल होतो, आणि सेंटर लाइन स्लोप (पीकच्या मधल्या रेषेचा उतार) वेटिंग टाइमसमोर काढला की ते वातावरण किती वेळात बदलतं ते कळतं. पाण्यात उघडा असलेला रेणू एक-दोन पिकोसेकंदांतच आपली जागा विसरतो. पिंजऱ्यात स्लोप शून्याला न जाता वरच थांबला तर आतलं काहीतरी तुमच्या वेळेत बदलतच नाहीये, म्हणजे काही पिंजऱ्यांत पाहुणा असा बसलाय आणि काहींत तसा. मात्र रेषा मुळातच अरुंद असेल, ५ वेव्हनंबर वगैरे, तर कोहिरन्स (कंपनांचा एकताल) २ पिकोसेकंदांच्या आसपास टिकतो आणि तुम्हाला कोहिरन्स टाइम (पहिल्या दोन पल्समधला वेळ) निदान ५-६ पिकोसेकंदांपर्यंत स्कॅन करावा लागेल, ग्रेटिंगही बारीक हवं, नाहीतर जो आकार दिसेल तो तुमच्या स्पेक्ट्रोमीटरचा. दोन बँडमधले क्रॉस पीक सुरुवातीपासूनच दिसतील, ते एकाच रेणूतल्या सीओंच्या कपलिंगचे आहेत, एक्स्चेंज सापडला म्हणून पेढे वाटू नका.

पायरी ६: बंध तोडून बघणे

अल्ट्राव्हायलेट पंप, इन्फ्रारेड प्रोब. मोकळ्या द्रावणात असल्या मँगनीज कार्बोनिलवर यूव्ही टाकला की एक सीओ पिकोसेकंदाच्याही आत सुटतो आणि रिकामी जागा सॉल्व्हंटचा रेणू काही पिकोसेकंदांत भरतो. पिंजऱ्यात शेजारी सॉल्व्हंट नाही, मग जागा कोण घेणार? भिंत, खिडकीतून डोकावणारं पाणी, दुसरा पाहुणा, की तोच सीओ परत येऊन बसणार? ब्लीच भरून आला तर शेवटची शक्यता वाटते, पण थांबा, गरम रेणू थंड होतानाही सिग्नल तसाच बदलतो. फरक असा की थंड होणारे बँड आधी रुंद आणि लाल बाजूला असतात, मग दहा-पन्नास पिकोसेकंदांत अरुंद होत निळ्या बाजूला सरकतात. सीओ परत बसत असेल तर प्रॉडक्टचा पीक जागेवर राहून नुसता उंचीने कमी होतो आणि ब्लीच तेवढाच भरतो.

पंपचा रंग हा खरा कळीचा मुद्दा. ८०० ची तिसरी हार्मोनिक, २६६, सगळ्यांकडे तयार असते म्हणून मोह होतो, पण तिथे टीपीटीच सगळा प्रकाश पिऊन टाकतं. ओपीएने ३३० ते ३५० मध्ये या आणि रिकामा पिंजरा तिथे किती पितो ते आधी बघा. त्यातही एक मेख आहे, हा पिंजरा इलेक्ट्रॉनचा भुकेला आहे आणि पाहुण्याकडून प्रकाशात इलेक्ट्रॉन ओढून घेऊ शकतो. कुलाब्याच्या टीआयएफआरमधल्या गटाने याच पिंजऱ्यात याच गोष्टीचा सुरेख उपयोग करून घेतलाय, २०१९ मध्ये त्यांनी पाहुण्याचा कार्बन-हायड्रोजन बंध अशा इलेक्ट्रॉन ओढण्यातून कसा सक्रिय होतो ते अल्ट्राफास्ट पद्धतीने दाखवलं. आपल्याला सीओ तोडायचाय, त्यामुळे हे आपल्याकडे आवाज म्हणून येतं. दृश्य भागाच्या ॲब्सॉर्प्शनमध्ये पिंजरा अधिक पाहुणा मिळून नवीन शेपूट आलीये का बघा. आली असेल तर चार्ज ट्रान्सफर गृहीत धरून चाला, कारण धातूवरचा इलेक्ट्रॉन गेला की सीओची रेषा वर सरकते आणि ती रेषा तुम्ही भलत्याच कुठल्या प्रॉडक्टच्या खात्यावर टाकाल.

या प्रयोगात सॅम्पल दर शॉटला मरतं, तेव्हा सेल सतत हलता ठेवा. फ्लो सेलला पिंजरा फार लागतो, त्यापेक्षा छोटा सेल एक्स-वाय स्टेजवर रॅस्टर करणं परवडतं.

शेवटची पायरी, जी सगळे विसरतात

रन संपला, रात्रीचे अकरा वाजलेत, घरी जायचंय, तरी तोच सेल परत एफटीआयआरला लावा आणि सकाळच्या स्पेक्ट्रमवर ठेवून बघा. पीक दहा टक्क्यांहून जास्त पडला असेल तर शेवटचे स्कॅन वेगळे काढा. सॅम्पल एनएमआर ट्यूबमध्ये काढून घ्या, दुसऱ्या दिवशी पीक पसरट झालेले दिसले तर मँगनीज ऑक्सिडाइज होऊन पॅरामॅग्नेटिक कचरा झालाय. फाइलच्या नावात तारीख, सॅम्पलचा बॅच, पंप पॉवर आणि पोलरायझेशन टाका, "फायनल_नवीन_२" असली नावं नकोत. स्वतःच्या लॅबमध्ये सेटअप नसेल तर पुण्याच्या एनसीएलमधून टूडी आयआरचं काम छापून आलेलं आहे, बेंगळुरूच्या आयआयएस्सीत पिंजरे बनवणारे आहेत. ईमेल करताना एनएमआर, इंटिग्रेशन आणि ते चार एफटीआयआर सोबत जोडा, उत्तर लवकर येतं.